खोकं वाचू नका, साचा वाचा

चार्ल्स डार्विन ज्या जहाजावरून पाच वर्षं जग फिरला, त्या 'बीगल'चं प्लॅस्टिकचं किट १९६०च्या दशकापासून पुन्हा पुन्हा बाजारात येत राहिलं आहे. खोकी बदलली, चित्रं बदलली, आतलं सूचनापत्रक बदललं. आत जे जहाज आहे ते मात्र 'बीगल' नाही आणि कधीच नव्हतं. ते 'बाउंटी' आहे. रेव्हेल या अमेरिकी कंपनीने १९५६ मध्ये 'बाउंटी'चं किट काढलं. पुढे काही वर्षांनी त्याच साच्यांत थोडा फेरफार करून, काही सुटे भाग बदलून, तेच धूड 'बीगल' या नावाने विकायला ठेवलं.

जहाजांची मॉडेलं जोडणाऱ्या जुन्या मंडळींना ही गोष्ट ठाऊक आहे. मला बोलायचं आहे ते जोडणाऱ्यांबद्दल नाही, जमवणाऱ्यांबद्दल. जुनी किटं जमवणारे, विकणारे आणि त्यांच्या याद्या करणारे लोक 'पहिली आवृत्ती कशी ओळखावी' यावर तासन्‌तास खल करतात. झाकणावरचा कागद चकचकीत आहे की साधा? किटचा क्रमांक कुठल्या कोपऱ्यात छापलाय? खोक्याच्या बाजूला इतर किटांची जाहिरात आहे की नाही? हे सगळं झाल्यावर, उरलाच वेळ तर, आत नेमकं काय आहे याची चौकशी होते. 'बीगल'चं पहिल्या खेपेचं खोकं मिळालं म्हणून माणूस हरखून जातो. त्या खोक्यात 'बीगल' नाही, याची त्याला खंत नसते.

माझं म्हणणं सरळ आहे. जुन्या किटची आवृत्ती ओळखण्याची रूढ पद्धत उफराटी आहे. ती वेष्टनाचा अभ्यास करते आणि त्यालाच वस्तूचा इतिहास म्हणते. ('खोके' या शब्दाला आपल्याकडे अलीकडे वेगळाच वास येऊ लागला आहे, याची मला कल्पना आहे. पण इथेही गोष्ट शेवटी पैशांवरच येते, त्यामुळे शब्द बदलत नाही.)

ज्यांनी हे किट कधी हातात घेतलं नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. पोलादाच्या दोन जाड ठोकळ्यांत जहाजाचे भाग उलटे कोरलेले असतात. ठोकळे घट्ट मिटवायचे, आत वितळलेलं पॉलिस्टायरीन दाबाने सोडायचं, थंड झालं की ठोकळे उघडून भाग बाहेर ढकलायचे. हा साचा. साचा बनवणं हे या धंद्यातलं सर्वांत महागडं काम. एकदा तो बनला की कंपनी वर्षानुवर्षं त्यातून माल काढते, मध्येच थांबते, पुन्हा काढते. कंपनी बुडाली तर साचा दुसरी कंपनी विकत घेते. दर खेपेला खोकं नवं छापलं जातं. म्हणजे 'वेगवेगळ्या आवृत्त्या' म्हणून जे मिरवतं, त्यात पुष्कळदा पोलाद तेच असतं आणि पुठ्ठा तेवढा निराळा.

मराठी वाचकाला हे समजावून सांगायला फार कष्ट पडू नयेत. आपल्याकडे पुस्तकाच्या दुसऱ्या पानावर 'पाचवी आवृत्ती' असं छापलेलं असतं आणि आत चौथ्या खेपेतल्या छपाईच्या चुकाही जशाच्या तशा असतात. ते पुनर्मुद्रण असतं, आवृत्ती नव्हे. मुखपृष्ठ बदललं म्हणून मजकूर बदलत नाही, हे आपण पुस्तकाच्या बाबतीत निदान तत्त्वतः तरी मान्य करतो. उलटही घडतं: मुखपृष्ठ तेच ठेवून आतला मजकूर गुपचूप बदललेला असतो, आणि ती खरी नवी आवृत्ती असूनही कुणाच्या नजरेस येत नाही. किटांच्या दुनियेत हे दोन्ही प्रकार रोजचे आहेत, आणि दोन्ही ठिकाणी खोकं वाचणारा माणूस फसतो.

आता 'बीगल'कडे परत येऊ, कारण ही फसवणूक इतकी वर्षं कशी टिकली ते पाहण्यासारखं आहे. 'बाउंटी' मूळची 'बेथिया' नावाची मालवाहू बोट, १७८४ मध्ये इंग्लंडमधल्या हल बंदरात बांधलेली. ताहितीहून नीरफणसाची रोपं वेस्ट इंडीजला न्यायची म्हणून ब्रिटिश आरमाराने ती १७८७ मध्ये विकत घेतली. तिच्यावर बंड झालं ते १७८९ मध्ये, आणि पुढच्या जानेवारीत बंडखोरांनी पिटकेर्न बेटावर ती जाळली. 'बीगल' ही १८२० मध्ये वुलिच इथल्या आरमारी गोदीत पाण्यात उतरलेली चेरोकी वर्गातली युद्धनौका, मुळात दोन डोलकाठ्यांची. तिसरी डोलकाठी तिला नंतर बसवली, ती सर्वेक्षणाच्या कामासाठी. एक कोळसा वाहणाऱ्या व्यापारी बोटींच्या घराण्यातली, दुसरी दहा तोफांसाठी आखलेली. दोघींत ३६ वर्षांचं अंतर.

पण लांबी पाहा. दोन्ही जहाजं ९० फुटांपेक्षा किंचित जास्त. रुंदी? दोन्ही २४ फुटांच्या आसपास. एवढं जुळलं की हिशेब करणाऱ्याचं काम झालं. साचा तयार आहे, आकडे जुळतात, डार्विनच्या नावाला शाळांत मागणी आहे. मग सांगाड्याची ठेवण वेगळी, डेकची रचना वेगळी, या गोष्टी कोण पाहतो? खोक्यावर चित्र 'बीगल'चं असलं की झालं.

आणि हे एकच उदाहरण नाही. १९ जून १८६४ रोजी फ्रान्सच्या शेर्बूर बंदराबाहेर अमेरिकी यादवी युद्धातली एक गाजलेली लढत झाली: उत्तरेच्या 'कीअरसार्ज'ने दक्षिणेच्या 'अलाबामा'ला बुडवलं. पहिली अमेरिकेतल्या आरमारी गोदीत बांधलेली, दुसरी इंग्लंडमध्ये बर्कनहेडला. रेव्हेलने दोघींची मोठी किटं काढली, आणि एकीचा सांगाडा दुसरीला चढवला. 'कटी सार्क' आणि 'थर्मापिली' या चहा वाहणाऱ्या दोन वेगवान जहाजांची १८७२ मध्ये शांघायहून लंडनपर्यंत शर्यत लागली होती. रेव्हेलची 'थर्मापिली' पाहा: ती 'कटी सार्क'च्याच साच्यातून निघालेली आहे. समुद्रावर जी जन्माची वैरी होती ती प्लॅस्टिकमध्ये जुळी बहिणी झाली.

लिंडबर्ग या आणखी एका अमेरिकी कंपनीने तर लाजच सोडली. 'वापेन फॉन हांबुर्ग' हे १७ व्या शतकात हांबुर्ग शहराने चाच्यांपासून आपली व्यापारी गलबतं वाचवण्यासाठी बांधलेल्या संरक्षक जहाजाचं नाव. त्याचं किट पुढे 'कॅप्टन किड' या नावाने, चाच्याचं जहाज म्हणून विकलं गेलं. पोलिसाची गाडी चोराच्या नावावर चढवावी तसा हा प्रकार. ज्या विल्यम किडने १६९८ मध्ये आपल्याकडच्या मलबार किनाऱ्याजवळ 'केदा मर्चंट' लुटलं, त्याचं खरं जहाज 'ॲडव्हेंचर गॅली' होतं. शिडांसोबत वल्हीही असलेलं, अगदी वेगळ्या बांधणीचं. याच कंपनीचं 'ला फ्लोर' हे फ्रेंच फ्रिगेटही पुढे 'जॉली रॉजर' नावाचं चाच्यांचं जहाज झालं.

अशा वेळी 'या किटच्या एकूण आवृत्त्या किती आणि त्या कशा ओळखायच्या?' या प्रश्नाचं उत्तर खोक्यांची रांग लावून देता येईल का? खोक्यांच्या यादीत 'वापेन फॉन हांबुर्ग' एका पानावर आणि 'कॅप्टन किड' दुसऱ्या पानावर येतं. 'बाउंटी' 'ब'च्या आकारात आणि 'बीगल' तिच्या शेजारी, पण नातं नसल्यासारखी. साचा ज्याला वाचता येतो त्याला ही एकाच घराण्याची माणसं दिसतात. पत्त्यांची वही म्हणजे वंशावळ नव्हे.

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. त्यासाठी बाराशेहून अधिक हस्तलिखितं जमवली, तपासली. कोणती पोथी कोणत्या पोथीची नातलग, हे ठरलं ते पोथी कुठल्या फडक्यात बांधली होती ते पाहून नव्हे. पाठ ताडून पाहिले गेले. कुठे समान भर आहे, कुठे समान गाळ आहे, कुठे एकाची चूक दुसऱ्याने उचलली आहे, हे ओळीओळीने मांडलं गेलं. खेळण्याच्या जहाजाला महाभारताचा मान द्या असं मी म्हणत नाही. पद्धत तीच वापरा, एवढंच म्हणतो. कारण साच्यालाही पाठ असतो.

तो वाचायचा कसा? पहिली गोष्ट, साचा म्हणजे उलटी प्रतिमा. मॉडेलवर जे उठावदार दिसतं ते साच्यात खोदलेलं असतं. साच्यात आणखी खोदणं सोपं. खोदलेलं बुजवणं अवघड. त्यासाठी तिथे धातू भरावा लागतो किंवा नवा तुकडा बसवावा लागतो, मग घासून सपाट करावं लागतं. बुजवलेल्या जागी बहुधा खूण राहते: पुसट कड, पोताचा फरक, लाकडाच्या कोरीव रेघांत मध्येच एक गुळगुळीत पट्टा. त्यामुळे दोन सांगाडे शेजारी ठेवले आणि एकावर बुजवल्याची खूण दिसली, तर कोणता आधीचा आणि कोणता नंतरचा हे पुठ्ठ्याला न विचारता सांगता येतं.

दुसरी गोष्ट, भाग साच्यातून बाहेर ढकलणाऱ्या पिनांचे गोल ठसे. ते आतल्या बाजूला असतात, कुणी त्यांच्याकडे पाहत नाही, आणि म्हणूनच ते खोटं बोलत नाहीत. नावं वेगळी असलेल्या दोन किटांत हे ठसे त्याच जागी, त्याच मापाचे आढळले, तर साचा एक आहे. सांगाड्याच्या आत कोरलेलं कंपनीचं नाव, साल, देश हेही तसंच. नाव खोडून दुसरं घातलं असेल तर खोडल्याची जागा शोधा.

तिसरी गोष्ट, माप. प्लॅस्टिक थंड होताना आकसतं. पॉलिस्टायरीन साधारण अर्ध्या टक्क्याने. कुणी मूळ किटच्या भागांवरूनच थेट नवा साचा पाडून नक्कल केली, तर ती नक्कल मूळ भागापेक्षा किंचित लहान भरते. दोनशे मिलिमीटरच्या सांगाड्यात सुमारे एक मिलिमीटर. साध्या व्हर्नियरने हे कळतं. खोक्याच्या फोटोवरून जन्मात कळणार नाही.

काही खुणा मात्र जपून वापराव्या लागतात. भागांच्या कडेला येणारा पातळ पापुद्रा, ज्याला फ्लॅश म्हणतात, तो साचा झिजल्याचं लक्षण मानला जातो. पण साचा दुरुस्त करून पुन्हा घट्ट बसवता येतो, आणि चांगला साचाही नीट दाबून न मिटवल्यास पापुद्रा येतो. म्हणजे 'फ्लॅश आहे म्हणून नंतरची खेप' हे अनुमान कच्चं. प्लॅस्टिकच्या रंगाचंही तेच. रंग खेपेगणिक बदलतो, आणि एकाच खेपेतही.

आता खोकंवाल्यांची बाजूही नीट मांडली पाहिजे, नाहीतर हे भांडण एकतर्फी होईल. खोकं काहीच सांगत नाही असं नाही. अमेरिकी पत्त्यात पाच आकडी पिनकोड असेल तर ते १९६३च्या जुलैनंतर छापलेलं, कारण तिथे तो कोड तेव्हा सुरू झाला. ब्रिटिश खोक्यावर किंमत शिलिंगांत असेल तर ते फेब्रुवारी १९७१च्या आधीचं, कारण तेव्हा ब्रिटनने दशमान चलन घेतलं. बारकोड असेल तर १९७०च्या दशकाच्या मध्यानंतरचं. एअरफिक्स ही ब्रिटिश कंपनी १९८१ मध्ये कोसळली, मग किटांचं उत्पादन फ्रान्समध्ये गेलं, १९८६ मध्ये ती हंब्रोलकडे आली आणि २००६ मध्ये हॉर्नबीकडे. हा प्रवासही खोक्यावरच्या बारीक अक्षरांत सापडतो. खोक्यावरची चित्रंही दुर्लक्ष करण्यासारखी नाहीत. रॉय क्रॉससारख्या चित्रकाराने १९६४ पासून एअरफिक्ससाठी काढलेली जहाजं कुणी भिंतीवर लावली तर मी आधी ती पाहायला जाईन.

पण हे सगळं खोक्याचं वय आहे. खोक्यावर किंवा सूचनापत्रकावर छापलेलं स्वामित्वहक्काचं सालही चित्राचं, मजकुराचं किंवा मूळ साच्याचं असतं. हे विशिष्ट किट कधी कारखान्यातून बाहेर पडलं याचं नव्हे. तरी विक्रेते '१९५६ची मूळ प्रत' म्हणून बेधडक भाव लावतात आणि घेणारे देतात. शिवाय खोकं आणि आतला माल यांची जोडी अतूट असते असं कोण म्हणतं? पन्नास वर्षांत फाटक्या खोक्यातलं किट चांगल्या खोक्यात जातं, दोन अर्धवट किटांतून एक पूर्ण होतं. यात वाईट काही नाही. वाईट आहे ते, हे तपासायचं नाही असा संकेत पाळणं.

हा संकेत म्हणजे सीलबंद खोक्याची पूजा. किट उघडलेलं नसेल तर भाव चढा, उघडलं की उतरला. विचार करा, कुठल्याही विषयात पुरावा न पाहण्याला इतकी किंमत मिळते का? वर गुंडाळलेली प्लॅस्टिकची पारदर्शक पट्टी कुठल्याही दुकानातल्या यंत्रावर पुन्हा चढवता येते. आतले भाग मोडलेत का, कोणत्या साच्याचे आहेत, आहेत तरी का, हे कुणालाच माहीत नसतं. आणि ते माहीत नसणं हाच त्या वस्तूचा सद्गुण ठरतो. जे किट कधी उघडलंच जाणार नाही त्याची आवृत्ती ओळखण्याची विद्या ही विद्या नाही, दलाली आहे.

'अहो, खेळणंच ते! एवढं काय मनावर घेता?' असं म्हणणारे भेटतात. त्यांना माझे दोन प्रश्न. या किटांतून निघालेली किती 'बीगल' शाळांच्या काचेच्या कपाटांत, घराघरांतल्या फडताळांवर डार्विनचं जहाज म्हणून उभी असतील? प्रत्येक मॉडेल हे 'जहाज असं होतं' असं विधान असतं, आणि चुकीचं विधान लहान आकारात केलं म्हणून खरं होत नाही. दुसरा प्रश्न: जे हात पोलादात लाकडाचा पोत कोरत होते, शिडांची दोरखंडं कशी ताणायची ते ठरवत होते, त्यांची नावं बहुतेक खोक्यांवर नाहीत. त्यांच्या कामाचा एकमेव दाखला म्हणजे साच्यातून निघालेलं प्लॅस्टिक. तेही न उघडता विकायचं असेल, तर या कारागिरीचा इतिहास लिहायचा कशावरून?

साचा पुन्हा वापरू नये, असं माझं म्हणणं अजिबात नाही. साचा महाग आहे, तो वापरावाच. प्रश्न आहे तो सांगण्याचा. एक प्रामाणिक उदाहरण आपल्या घराजवळचंच घेऊ. एअरफिक्सने १/६०० प्रमाणात 'एजॅक्स' या ब्रिटिश क्रूझरचं किट काढलं. 'एजॅक्स'ची बहीण 'अकिलीज'. दोघी डिसेंबर १९३९ मध्ये रिव्हर प्लेटच्या लढाईत एकत्र होत्या. 'अकिलीज' १९४८ मध्ये भारताने घेतली आणि तिचं नाव 'दिल्ली' झालं. नेहरू १९५० मध्ये तिच्यावरून इंडोनेशियाला गेले. १९५६च्या 'द बॅटल ऑफ द रिव्हर प्लेट' या चित्रपटात तिने 'अकिलीज'ची, म्हणजे स्वतःच्याच तरुणपणाची, भूमिका केली. १९६१च्या डिसेंबरात गोवा, दमण, दीव मुक्त झालं तेव्हा दीवसमोर ती उभी होती.

'एजॅक्स'च्या किटमधून 'दिल्ली' बनवता येते का? येते, पण जशीच्या तशी नाही. १९४३ मध्ये सॉलोमन बेटांजवळ बॉम्ब पडून 'अकिलीज'चा मागच्या बाजूचा एक तोफमनोरा निकामी झाला आणि पुढे तो काढून टाकण्यात आला. त्यामुळे 'दिल्ली'वर जोडतोफांचे मनोरे तीनच होते, चार नव्हे. हे ज्याला माहीत आहे तो चौथा मनोरा बाजूला ठेवील, तिथे विमानविरोधी तोफा बसवील आणि खाली चिठ्ठी लिहील: मूळ किट 'एजॅक्स', इतके बदल केले. ही त्याची नवी आवृत्ती, आणि खरी. रेव्हेलला 'बीगल'च्या खोक्यावर अशी एक ओळ छापता आली नसती का? आली असती. मग खप कमी झाला असता, एवढंच.

म्हणून माझी मागणी मोठी नाही. जुन्या जहाजाच्या किटची नोंद करताना तीन रकाने ठेवा: साचा कोणता, त्यात काय बदल झाला, आणि खोकं कोणतं, याच क्रमाने. पहिले दोन रकाने भरल्याशिवाय तिसरा लिहायचा नाही. विकणाऱ्याने सांगाड्याच्या आतल्या बाजूचा फोटो द्यावा, आणि तो दिला नाही तर घेणाऱ्याने भाव देऊ नये. संग्राहकाने एखादं तरी सीलबंद खोकं उघडावं, भाग मोजावेत, ठसे टिपावेत, आणि जे दिसलं ते इतरांना सांगावं. त्या खोक्याची किंमत उतरेल, हे खरं. पण आत काय होतं, हे निदान एका माणसाला कळलेलं असेल.